संदर्भ क्रमांक अठरा

“मग… खातोस ना?”

भांगरे सरांनी ताटली पुढे सरकवली.

ताटलीत पांढऱ्या, जाडसर फोडी. वाफ निघतेय. वर मीठ भुरभुरलेलं.

शार्दूल कुलथेनं हात मागे घेतला. घ्यायचा असं काही ठरवलं नव्हतं, पण हातानं आपलं आपण ठरवलं.

“सर, हे…”

“सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलंयस तसंच केलंय. सोललं, चिरलं, एकदा उकळलं, पाणी फेकून दिलं. बस्स.”

“म्हणजे… भुलकंद?”

 चुलीतलं लाकूड सरांनी बाहेर ओढलं आणि त्यावर पाण्याचा हबका मारला. चर्रर्र झालं.

भुलकंद हे नाव काही उगाच पडलेलं नाही. त्या डोंगरातली माणसं एक वेळ उपाशी झोपतील, पण तो कंद नुसता उकडून कोणी तोंडात घालणार नाही. आधी घशाला आग, मग उलट्या, मग डोकं असं गरगरतं की माणूस स्वतःच्या घरात उभा राहून घर कुठं आहे म्हणून विचारतो. त्याहून जास्त पोटात गेला तर काय, ते तिथले लोक सांगत नाहीत. नुसता हात हलवतात.

शार्दूलला हे ठाऊक होतं. त्यानंच ते लिहिलं होतं, सत्तेचाळिसाव्या पानावर, वरच्या परिच्छेदात. आणि खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं की एकदा उकळून पाणी टाकून दिलं की सगळं विष निघून जातं आणि कंद खाण्याजोगा होतो. संदर्भ क्रमांक अठरा.

आता हा पोरगा तिथं आला कशाला होता, ते आधी सांगायला हवं.

वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीचं शेवटचं वर्ष. डोंगरातल्या खाद्य कंदांवरचा एकशे बारा पानांचा प्रबंध, काळी कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. तो उद्या, सोमवारी, पाचच्या आत कॉलेजात जमा करायचा आणि त्यावर मार्गदर्शकाची सही हवी. सही नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली जागाही गेली. त्या जागेसाठी दोनशे पोरांतून हा एकटा निवडला गेला होता. घरी पेढे वाटून झाले होते.

पोरगा हुशार, यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्याला फार लवकर कळलं होतं, आणि ते एकदा कळलं की माणसाचे कान जरा मिटतात.

मार्गदर्शक म्हणजे हे हिरामण भांगरे सर. आठवडाभर तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवायचे आणि रविवारी घोटणवाडीला आपल्या घरी यायचे. घोटणवाडी म्हणजे डोंगराच्या पोटाशी पंधरा-वीस घरं. सर तिथलेच, तिथंच वाढलेले. बोलायचे कमी. एक प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचे. कॉलेजातली पोरं त्यांच्या रागाला नाही, त्या गप्प बसण्याला टरकायची.

सही म्हणजे काय, पाच मिनिटांचं काम, असं मनात धरून शार्दूल सकाळच्या एसटीनं आला होता. दुपारच्या गाडीनं परत जाणार होता. पण सरांनी प्रबंध मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एक तास… दीड तास… शार्दूल कंटाळला आणि मोबाइलला रेंज शोधत अंगणात फिरू लागला. मध्येच कधीतरी सर उठले. परसात गेले, टोपलीतून काहीतरी काढलं, विळीवर चिरायला बसले. शार्दूलनं तिकडे पाहिलंही नाही. जेवणाची तयारी चालली असेल, असं त्याला वाटलं.

ती ही तयारी.

“खा ना. गार होईल.”

“सर, मी नाश्ता करून निघालोय.”

“एक फोड.”

“नको, सर. खरंच नको.”

“का?”

 शार्दूल हसला. हसू काही नीट जमलं नाही.

“सर, खाऊन बघायची काय गरज आहे? संदर्भ दिलाय ना मी.”

“कोणता?”

“अठरा.”

“अठरा कोण?”

शार्दूलनं प्रबंधाचं शेवटचं पान काढलं आणि यादीवर बोट ठेवलं. “हे बघा. एका वनाधिकाऱ्याचं पुस्तक आहे. एकोणीसशे एकतीस सालचं. पान दोनशे बारा.”

“तू वाचलंस?”

“…हो.”

हे ‘हो’ त्याच्या तोंडून अगदी सहज गेलं. पुस्तक मात्र त्यानं डोळ्यांनीही पाहिलेलं नव्हतं.

त्याचं काय होतं, इंटरनेटवर तो मुक्त ज्ञानकोश असतो ना, कोणीही यावं, कोणीही लिहावं, दुसऱ्याचं कोणीही खोडावं, तो संदर्भ म्हणून चालणार नाही असा कॉलेजचा नियम होता. नियम ग्रंथालयाच्या दारावर चिकटवलेला होता. पण नियम आला की पळवाट आलीच. पोरं ज्ञानकोशातलं वाक्य उचलायची, आणि त्या वाक्याला जी तळटीप असेल तीही उचलून आपल्या यादीत बसवायची. ज्ञानकोशाचं नाव कुठंच नाही. यादी कशी भरगच्च! शार्दूलच्या यादीत त्र्याण्णव पुस्तकं नि लेख होते. त्यातले त्यानं उघडलेले मोजून नऊ.

सर उठले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात एक पुस्तक होतं. खाकी कागदाचं कव्हर, पाठीला चिकटपट्टी.

 हे पुस्तक या घरात असेल, असं शार्दूलच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“काढ,” सर म्हणाले. “दोनशे बारा.”

शार्दूलनं पानं उलटली. शंभर… एकशे चाळीस… एकशे साठ… एकशे चौसष्ट.

पुढे पुठ्ठा.

त्यानं परत मागे जाऊन आकडे पाहिले. पानं फाटलेली नव्हती. एकशे चौसष्टाव्या पानाच्या तळाशी सुबक अक्षरांत ‘समाप्त’ लिहिलेलं होतं.

“दुसरी आवृत्ती असेल, सर…”

“एकच निघाली.”

मग सर गप्प बसले.

परसातली एक कोंबडी ओसरीशी आली, मान वाकडी करून दोघांकडे बघून गेली.  पाणी मागावं असं शार्दूलला वाटलं, पण तेही मागवेना.

पण हुशार पोरगा तो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“पानाचा आकडा चुकला असेल, सर. छपाईत होतं असं. पण माहिती चूक नाही. मी पडताळून पाहिलंय. चौदा ठिकाणी हेच लिहिलंय! पेपरच्या रविवार पुरवणीत आलंय. रानभाजी महोत्सवाच्या पत्रकात आहे. पाककृतींच्या दोन वेबसाइटवर आहे, एका डॉक्टरांच्या लेखात आहे. सगळीकडे तेच. एकदा उकळा, पाणी फेका. चौदाच्या चौदा जण चुकतील का?”

“चौदांतला पहिला कोण?”

“म्हणजे?”

“तेराव्यानं बाराव्याचं ऐकलं. बाराव्यानं अकराव्याचं. पहिल्यानं कोणाचं ऐकलं?”

शार्दूलला जरा धीर आला. हे त्याच्या हातातलं होतं.

“ते बघता येतं, सर. ज्ञानकोशाच्या प्रत्येक पानाचा इतिहास ठेवलेला असतो. कुठलं वाक्य कोणी घातलं, किती तारखेला, किती वाजता, सगळी नोंद. कोणाला लपवता येत नाही. तुम्हाला आत्ता दाखवतो.”

“दाखव.”

कुंपणापाशी एक मोठा दगड होता. त्यावर उभं राहिलं की रेंज यायची. शार्दूल दगडावर चढला. सर ओसरीवरच बसून राहिले, ताटलीशेजारी.

भुलकंदाचं पान उघडलं. त्यानं इतिहास काढला आणि बोटानं मागे मागे जाऊ लागला. कोणी चित्र घातलं होतं, कोणी शुद्धलेखन सुधारलं होतं, कोणी एक ओळ घालून परत काढली होती. आणखी मागे… आणखी मागे…

सापडलं ते वाक्य. तीन वर्षांपूर्वीची सत्तावीस फेब्रुवारी. सकाळचे अकरा बेचाळीस.

नाव : शार्दूल कुलथे.

आधी त्याला वाटलं, लॉग-इन केलेलं असलं की वरच्या कोपऱ्यात आपलं नाव दिसत असतं तेच आपण वाचलं. त्यानं पान बंद केलं आणि परत उघडलं. अकरा बेचाळीस. शार्दूल कुलथे.

मग हळूहळू सगळं आठवायला लागलं, आणि आठवू नये असं त्याला वाटत होतं.

मराठी भाषा दिन. कॉलेजच्या संगणक कक्षात ज्ञानकोशात लिहिण्याचा कार्यक्रम. जो सगळ्यात जास्त नोंदी करेल त्याला चषक. शार्दूलनं एका दिवसात एकशे चाळीस केल्या होत्या! टाळ्या काय, फोटो काय. चषक अजून घरी टीव्हीच्या वर होता.

एकशे चाळीस नोंदी एका दिवसात कशा होतात? अशाच होतात. कुठल्याशा बिनविषारी कंदाच्या पानावर एक वाक्य होतं, एकदा उकळून पाणी टाकून द्यावं असं. ते त्यानं उचललं, कंदाचं नाव बदललं आणि एकेका पानावर डकवत गेला. देखरेखीला आलेले गृहस्थ म्हणाले होते, तळटीप नसेल तर वाक्य उडवतात हां. मग त्यानं दुसऱ्या एका पानावरून जुन्या पुस्तकाचं नाव घेतलं. आणि पान क्रमांक? सुचला तो टाकला. दोनशे बारा.

त्यानं ती पुरवणी शोधली. त्याच वर्षीच्या जूनमधली निघाली. पत्रक ऑगस्टचं. डॉक्टरांचा लेख पुढच्या वर्षीचा. चौदांतला एकही सत्तावीस फेब्रुवारीच्या आधीचा नव्हता. चौदा साक्षीदार, आणि चौदाही त्यानंच पढवलेले.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथं तर चौदा पोहरे काठोकाठ भरले होते. आड मात्र कोरडा ठणठणीत.

दुपारचं ऊन डोक्यावर होतं. भीती वाटते म्हणजे काय होतं, हे शार्दूलला त्या दगडावर पहिल्यांदा कळलं. 

“सापडला?” ओसरीवरून सरांनी विचारलं.

शार्दूलनं मोबाइलकडे पाहिलं. मोबाइल त्याच्या हातात होता. सरांना दहा पावलांवरून काही दिसत नव्हतं. पाच मिनिटांत सही होईल. उद्या प्रबंध जमा. परवा पुणं. कोणाला काही कळणार नाही, कधीच नाही.

“नाही, सर… नाव नाहीये. कोणीतरी अनोळखी आहे.”

“असं.”

सरांनी एवढंच म्हटलं. शार्दूल दगडावरून उतरला आणि ओसरीच्या कडेला येऊन बसला. सरांनी प्रबंध मांडीवर ओढला. सहीचं पान काढलं. पेनाचं टोपण काढलं.



सरांनी पेन खाली ठेवलं, आणि ताटलीतली एक फोड उचलली.

“सर?”

“ज्यावर सही करायची ते मी आधी स्वतः करून बघतो. एकतीस वर्षं झाली. कोणी लिहिलं बी नऊ दिवसांत रुजतं, तर मी बी पेरलं. कोणी लिहिलं पाला तुरट लागतो, तर मी पाला चावला. तुझं बाकीचं बघून झालं. हे एक राहिलंय.”

“पण सर… तुमच्या गावात खातात का असा?”

“छे. आमच्याकडं राख चोळतात. टोपली बांधून तीन रात्री वाहत्या ओढ्यात ठेवतात. मग तीन पाण्यांत शिजवतात. एवढं करून माझी आई आधी स्वतः एक फोड खायची आणि दिवस मावळेपर्यंत आम्हाला हात लावू द्यायची नाही. आम्ही भुकेले तिच्या तोंडाकडे बघत बसायचो.” सरांनी फोड उजेडात धरून पाहिली. “पण ते आमचं सांगोवांगी. तुझ्याकडे चौदा आहेत. छापील.”

“सर, ठेवा ती खाली.”

“का रे?”

शार्दूलनं ताटली बाजूला सरकवली.

“चौदा जण चुकतील का?”

सर थट्टा करणारा माणूस नव्हे. एकतीस वर्षांत त्यांनी वर्गात एक विनोद केलेला कोणाला आठवत नाही. शार्दूल त्यांच्याकडे बघत राहिला. खाली ठेवतील, आत्ता ठेवतील, आपली परीक्षा बघतायत, दुसरं काय… पण हात वर गेला. हनुवटीपर्यंत गेला. सरांनी तोंड उघडलं.



शार्दूलनं झेप घेतली आणि दोन्ही हातांनी सरांचं मनगट धरलं. जन्मात कधी सरांच्या अंगाला त्याचा हात लागला नव्हता. मनगट हाडकुळं होतं, म्हाताऱ्या माणसाचं होतं, आणि त्याला ते सोडवेना.

फोड निसटून अंगणात पडली.

“मी लिहिलंय ते, सर!”

सर त्याच्याकडे बघत होते.

“ते वाक्य मी लिहिलंय. अनोळखी कोणी नाही. माझंच नाव आहे तिथं. कोणाला विचारलं नव्हतं, कुठं वाचलं नव्हतं… चषक मिळावा म्हणून लिहिलं. पान नंबरसुद्धा माझ्या मनाचा. आत्ता तुमच्याशी खोटं बोललो मी. खाऊ नका, सर… पाया पडतो तुमच्या, खाऊ नका.”

तेवढ्यात मघाची कोंबडी धावत आली, अंगणातली फोड चोचीत धरून पळाली. शार्दूल अनवाणी तिच्यामागं धावला. हाड्, हाड् करत कुंपणापर्यंत गेला. कोंबडी काट्यांखालून पसार झाली आणि तो गुडघ्यांवर बसून तिकडे बघत राहिला.

“सर, कोंबडी… मरेल ती!”

“तिनं तुझा प्रबंध वाचलेला नाही,” सर म्हणाले.

 शार्दूल परत आला. हातापायांना माती लागलेली.

“किती पानांवर?” सरांनी विचारलं.

“काय, सर?”

“ते वाक्य.”

शार्दूलनं मनात मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“अकरा.”

“म्हणजे अकरा कंद. त्यांतले विषारी किती?”

“…माहीत नाही, सर.”

“काढ सगळी.”

शार्दूल पुन्हा दगडावर चढला. रेंज यायची नि जायची. एक वाक्य काढलं की दुसरं पान उघडायला पाच मिनिटं लागायची. प्रत्येक पानावर तेच वाक्य, तेच पुस्तक, तोच आकडा, तेच नाव. खाली रस्त्यावर दुपारच्या एसटीचा हॉर्न वाजला आणि गाडी निघूनही गेली. त्यानं मान वर केली नाही. अकरावं वाक्य पुसलं तेव्हा सावल्या अंगणाच्या मध्यापर्यंत आल्या होत्या.

तो ओसरीपाशी येऊन उभा राहिला. बस म्हणायची वाट पाहत होता की काय, कोण जाणे.

“काढलं, सर. पण त्या चौदा ठिकाणचं… ते माझ्या हातात नाही.”

“नाही.”

“त्यांना पत्रं लिहीन मी. एकेकाला.”

“लिही.”

“सर… तीन वर्षं झाली.”  “या तीन वर्षांत कोणी ते वाचून… कोणी खाल्लं असेल का हो?”

सरांनी पेनाला टोपण लावलं.

“कळायला काही मार्ग?”

“ज्यानं खाल्लं असेल,” सर म्हणाले, “तो काही चूक दुरुस्त करायला तुझ्या पानावर येणार नाही.”

शार्दूल पायरीवर बसला. त्याच्या डोळ्यांपुढं एक घर आलं. कोणाचं, कुठल्या गावातलं, त्याला ठाऊक नव्हतं. ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलेला मोबाइल, त्यावर त्याचं वाक्य, आणि कोणीतरी बाई वाचून वाचून रांधतेय. एकदा उकळून पाणी मोरीत ओततेय. पोरांना हाका मारतेय. त्या बाईला थांबवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. तो ढसाढसा रडला. सरांनी त्याला रडू दिलं.

रडून झाल्यावर त्यानं तोंड पुसलं. सरांच्या मांडीवरचा प्रबंध उचलला आणि पिशवीत घातला.

“सही नको, सर.”

“वर्ष जाईल.”

“जाऊ दे.”

“पुणं?”

“तेही जाईल.” बाबांचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं येऊन गेला, पेढ्यांचा बॉक्स हातात धरलेला. “त्र्याण्णव संदर्भ आहेत, सर. चौऱ्याऐंशी मी उघडलेलेच नाहीत. एका अठरामध्ये हे निघालं. बाकीच्यांत काय असेल, मला भीती वाटतेय.”

सरांनी मान हलवली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी सावकाश ताटली ओढली, एक फोड घेतली आणि तोंडात टाकली.

शार्दूल किंचाळला. “सर! थुंका! थुंका आधी! काय करताय हे… अहो, भुलकंद आहे तो!”

सर शांतपणे चावत होते. गिळलं. तांब्यातलं पाणी प्यायले. मिशा पुसल्या.

“हा भुलकंद आहे,” त्यांनी विचारलं, “असं तुला कोणी सांगितलं?”